बटणांची ट्रेड टेस्ट

विभावरीने एम.ओ.टी., म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं पुढचं शिक्षण, कुठून करावं हा प्रश्न रामटेक्यांच्या घरात रविवारी सकाळच्या चहाबरोबर निघाला आणि जेवणाची ताटं मांडेपर्यंत त्याचा रेल्वेचा प्रश्न झाला. याला कारण नारायणराव. हे विभावरीच्या वडिलांचे, अंबादासांचे, थोरले चुलतभाऊ. त्यांचा सारा जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेला होता, आणि रिटायर झाल्यावरही माणूस कसा आहे यापेक्षा तो कोणत्या गाडीने आला हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटे. विभावरीने दोन्ही कॉलेजांची माहिती मोबाइलवर दाखवली. कुठे कोण शिकवतं, कुठे पेशंट जास्त येतात, कुठे कशावर संशोधन चालतं, सगळं सांगितलं. नारायणरावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डायरेक्ट गाडी कोन्याले आहे?"

डायरेक्ट आणि सोयीची गाडी नागपूरला होती. तिथल्या कॉलेजात मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांचा अभ्यासक्रम होता, विभावरीला जागा मिळालेली होती आणि शिवाय नागपुरात नातेवाईक इतके होते की रोज एकाकडे जेवायचं म्हटलं तरी वर्ष निघालं असतं. दुसरं कॉलेज खाली तामिळनाडूत. तिथे फक्त हाताचा अभ्यास. हात तुटलेले, भाजलेले, लुळे पडलेले. तिथे म्हणे नुसत्या हातासाठी एक अख्खा मजला होता. तिथला इंटरव्ह्यू अजून व्हायचा होता. विभावरीच्या आईच्या, कुसुमबाईंच्या, मनात तिसराच अभ्यासक्रम होता, पण त्या तो बोलून दाखवत नसत. इथे जबलपुरातच विजय नगरच्या एका नर्सिंग होममध्ये जागा आहे आणि आपल्या महाराजपुरातून तिकडे ऑटो सुटतात, एवढंच त्या येता-जाता हवेत सोडून देत.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय, हे सगळ्या कॉलनीत फक्त अंबादासांना समजलेलं होतं. ते तोफगोळ्यांच्या फॅक्टरीतले फिटर. वडील भंडाऱ्याकडून जबलपुरात आले, तोफगोळ्यांच्या पेट्या उचलू लागले. पुढे राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं, आणि हे कुटुंब इकडेच राहिलं. अंबादासांनी पेट्या उचलल्या नाहीत, कानस उचलली. पोरीने बी.ओ.टी.ला नाव घातलं तेव्हा विहारात जो भेटेल त्याला ते समजावून सांगत, "फिजिओवाले हात हालवून देतेत. आमची विभा हाताकडून काम करून घेते. फरक आहे." हे सांगताना ते उजव्या हाताची बोटं अशी काही फिरवत की ऐकणाऱ्याला फरक दिसायचा.

नशिबाला विनोदाची आवड असते, पण चव नसते. नेमका तोच हात गेल्या हिवाळ्यात गेला. सकाळी दाढी करताना ब्रश हातातून पडला, मग पाण्याचा मग पडला. कुसुमबाई आधी सांडलेल्या पाण्यावरून ओरडल्या आणि मग नवऱ्याचं वाकडं झालेलं तोंड पाहून गप्प झाल्या. तोंड दवाखान्यात सरळ झालं, पायही थोडा ओढत का होईना चालू लागला. हात मात्र परत आला नाही. खांद्यापासून हलायचा, पण बोटं अशी मिटून बसायची की जणू त्यांच्यात काही लपवून ठेवलंय.

इंटर्नशिप संपवून विभावरी घरी आली आणि तिने बापाला कामाला लावलं. कपड्यांचे चिमटे दाबणे, कणकेचे गोळे करणे, राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकणे. ज्या माणसाने केसाएवढा फरक बोटाने ओळखला, त्याने राजमा वेचत बसायचं. अंबादास वैतागत. "हे काय काम झालं?" असं म्हणत आणि वाटीकडे पाहून सुस्कारा टाकत. तेवढ्यात पोरीची पाठ वळली की कुसुमबाई येत आणि पटकन सगळा राजमा दुसऱ्या वाटीत ओतून जात. त्याच त्यांना घास भरवत, त्याच शर्टाची बटणं लावत, तीही गळ्यापर्यंत, शाळेत धाडायच्या पोरासारखी. विभावरी चिडे. "आई, तू करून देतेस म्हणून त्यांचा हात करत नाही." कुसुमबाई हो म्हणत आणि पुढचा घास पुढे करत. त्या बाईचं प्रेम या शास्त्राच्या मुळावरच उठलेलं होतं.

त्या रविवारी नारायणराव नागपूर पक्कं करून जेवून गेले. दुपारी अंबादास पडवीत डोळे मिटून पडले होते. आत विभावरी फोनवर तिच्या मैत्रिणीशी, शैलजाशी बोलत होती. या पोरींचं आपसात हिंदीच चालतं.

"अरे, बाबा का हाथ चलता ना, तो मैं सोचती भी नहीं, सीधे उधर ही जाती," ती म्हणत होती. "अभी नागपुर ही ठीक है. हर शनिवार घर आ सकती हूँ. मम्मी अकेली कितना करेगी."

अंबादासांनी डोळे उघडले नाहीत. पण त्यांना फार वाईट वाटलं. स्वतःला लकवा झाला तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. ज्या हाताने पोरीला इथवर आणलं, त्याच हाताने तिची वाट अडवून धरावी, आणि तीही मिटलेल्या मुठीने, हे त्यांना सहन होईना. संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी विभावरीला बोलावलं आणि म्हणाले, "आपण ट्रेड टेस्ट घेऊ."

ट्रेड टेस्ट ही त्या घरातली जुनी गोष्ट. फॅक्टरीत वरची ग्रेड पाहिजे तर ट्रेड टेस्ट द्यावी लागे. लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा मिळे, त्याला ब्लँक म्हणत. तो घासूनपुसून नकाशाप्रमाणे जॉब करून परीक्षकापुढे ठेवायचा. ज्याच्या हाताला ते जमत नसे तो एखाद्या उस्तादाकडून आधीच जॉब करून घेई, डब्यात पोळ्यांखाली लपवून आणी आणि संध्याकाळी स्वतःचा म्हणून पुढे करी. याला म्हणत तयार पीस. परीक्षकांच्या मदतीला अंबादासांना घेत ते याचसाठी. ते टेस्टच्या आधी प्रत्येक ब्लँकच्या कडेला दिसेल न दिसेल असा बारीक पंच, टाचणीच्या टोकाएवढा खळगा, मारून ठेवत. ज्या जॉबवर पंच नाही तो तयार पीस. या पंचाने त्यांनी भल्याभल्यांना पकडलं होतं आणि त्या पकडण्याच्या गोष्टी ऐकत ऐकत विभावरी लहानाची मोठी झाली होती. इतर पोरं राजाराणीच्या गोष्टी ऐकून झोपतात, ही तयार पीस ऐकून झोपायची.

"कायची टेस्ट?" विभावरीने विचारलं.

"शर्टाची. सगळी बटणं, उजव्या हातानं. पुढच्या रविवारी. पास झालो तर तू हातवाल्या कॉलेजात जाशीन. नापास झालो तर जा नागपूरले."

"बाबा, असं कॉलेज निवडत नसतात."

"गाडी पाहून निवडतेत, ते चालते तुले?"

मग अंबादासांनी अट घातली. टेस्ट बंद खोलीत. डोक्यावर परीक्षक उभा असला की चांगल्या चांगल्या फिटरचा हात कापतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. विभावरीने क्षणभर बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "अच्छा. चलो, दार बंद."

आता यापुढचं सगळ्यांना कळलंच असेल. जो माणूस जन्मभर तयार पीस पकडत आला, त्याने म्हातारपणी स्वतःच तयार पीस द्यायचं ठरवलं होतं. उस्तादही घरातच होता. अंबादासांनी कुसुमबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. झोपायच्या खोलीला मागच्या अंगणात उघडणारं दार आहे, तिकडून आत यायचं, बटणं लावायची आणि आलं तसं निघून जायचं, एवढंच काम. पण कुसुमबाई ऐकेनात. पोरगी जवळ राहणार असेल तर आपण आपल्याच हाताने तिला कशाला लोटायचं, हा त्यांचा सवाल होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. तेव्हा अंबादासांनी पडवीत ऐकलेलं बोलणं सांगितलं. कुसुमबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पूर्ण जुडी निवडून झाली, काड्या गोळा झाल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "कोणता शर्ट घालान?"

शर्ट आकाशी ठरला. तो विभावरीने स्वतः इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला.

रविवारी विहारातली वंदना आटोपून सगळे घरी आले. नारायणराव साक्षीदार म्हणून खुर्ची टाकून बसले. कुसुमबाई मागच्या लाइनीतल्या चंपाबाईंना लोणचं देऊन येते म्हणून बाहेर पडल्या आणि घराला वळसा घालून मागच्या दाराशी आल्या. बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांनी दोन्ही मनगटांना रुमाल बांधले होते. आपला एक आणि हिचे दोन, म्हणजे आता घरातले तीन हात बांधलेले, असं अंबादासांच्या मनात आलं, पण ती वेळ हसण्याची नव्हती.

बटणं भराभर लागली. खालून तीन लागली आणि चौथ्याला गाडी अडली.

"हे काज बंद आहे," कुसुमबाई कुजबुजल्या.

"बंद कसं राहीन?"

"शिवलं आहे इथं. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या त्या टेलरचे हात तुटो. मेल्याले काज करता येत नाई." असं म्हणून त्यांनी शर्टाला तोंड लावलं, दाताने दोरा तोडला, बटण सारलं, पुढची दोन लावली, आणि सवयीने गळ्याचंही लावलं. मग डोळ्यांना पदर लावून मागच्या दाराने निघून गेल्या.

अंबादास दार उघडून बाहेर आले. नारायणरावांनी टाळी वाजवली. विभावरी जवळ आली, तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, चौथ्या बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "उजव्या हातानं?"

"मंग काय पायानं?" अंबादास म्हणाले.

"पास," विभावरी म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली. पाणी पिऊन यायला तिला बराच वेळ लागला. आनंदाने रडत असेल, असं अंबादासांना वाटलं, आणि त्यांनाही भरून आलं.

खोटं हे पावसाळ्यातल्या गवतासारखं असतं, आपण लावायचं काम नसतं. नारायणरावांनी पुढच्या वंदनेनंतर विहारात उभं राहून जाहीर केलं की आपल्या विभावरीने बापाचा मेलेला हात जिवंत केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंबादासांना लोकांनी पुढे ओढलं, दोन शब्द बोला म्हणाले. काय बोलणार? जिद्द पाहिजे, असं ते म्हणाले. दार लावून बसायचं आणि हाताला सांगायचं, की केल्याशिवाय सुटका नाही. हे बोलताना उजवा हात त्यांनी खिशात कोंबून ठेवला होता.

दोन दिवसांनी चंपाबाई आल्या. एकटी राहणारी ही म्हातारी. तिचाही एक हात काही वर्षांपूर्वी गेलेला. आल्या आणि पायरीवरच बसल्या.

"भाऊ, तुमी सांगतलं तसं दार लावून बसली होती," त्या म्हणाल्या. "सारी दुपार बसली. पोलक्याचं एक हुक लावाचं होतं. नाई लागलं. मंग रडली अन् दार उघडलं."

अंबादासांनी उजवा हात मांडीखाली सरकवला.

"तुमच्यासारखी जिद्द नाई जी माह्यात," असं म्हणून चंपाबाई उठल्या. आणि जाताना तुमचं चांगलं झालं, बरं झालं, असंही म्हणाल्या. ते मनापासून म्हणाल्या, हे जास्त वाईट होतं. त्या दिवशी अंबादासांना जेवण गेलं नाही. कुसुमबाईंनी भरवायला घास उचलला तर त्यांनी तोंड फिरवलं. एका म्हातारीच्या त्या दुपारचं पाप आपल्या माथी आलं, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. पण आता खरं बोलावं तर पोरगी नागपूरला जाते. त्यांनी तोंड बंद ठेवलं.

तामिळनाडूच्या कॉलेजचा इंटरव्ह्यू मोबाइलवर झाला. मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवून उभा केला, विभावरीने कानात इयरफोन घातले. तिने तपासलेल्या एखाद्या पेशंटबद्दल सर विचारणार होते आणि पेशंटही समोर बसला तर बरं, म्हणाले होते. अंबादासांना एकच धास्ती. सरांनी समोरच बटण लाव म्हटलं तर? कुसुमबाई मनगटांना रुमाल बांधून पडद्यामागे उभ्या राहिल्या. त्या तिथे काय करणार होत्या, हे त्यांनाही माहीत नव्हतं. नारायणराव बाहेर गल्लीत, कोणी हॉर्न वाजवू नये म्हणून पहाऱ्यावर.

सरांचं बोलणं फक्त विभावरीला ऐकू येत होतं. ती भराभर इंग्रजीत बोलत होती. अंबादासांना फॅक्टरीचं इंग्रजी येई; तिथे वाक्यं नसतात, नुसते शब्द असतात. त्यांनी कान देऊन ऐकलं तर 'शर्ट' आला, 'डोअर' आला, मग बऱ्याचदा 'वाइफ' आला. ते पडद्याकडे झुकून हळूच म्हणाले, "तुही तारीफ करून राहिली." पडद्यामागून नाक ओढल्याचा आवाज आला. मग विभावरीने मोबाइल बापाकडे वळवला. स्क्रीनवर चष्मेवाले एक सर होते. अंबादासांनी नमस्कारासाठी सवयीने डावा हात उचलला, चूक लक्षात येऊन झटकन खाली घेतला, आणि उजवा वर केला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. सर त्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी बटण लावायला सांगितलं नाही.

जागा मिळाली. आठवड्यात मेल आला. अंबादासांनी विभावरीच्या डोक्यावर डावा हात ठेवला. बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहून त्यांनी मनात माफी मागितली, की शिकायला पाठवतोय, पण फसवून पाठवतोय.

नारायणराव आता हातवाल्या कॉलेजचे कट्टर पुरस्कर्ते झाले होते, कारण मधल्या एका स्टेशनावर त्यांना चांगलं कनेक्शन सापडलं होतं. कोणता डबा, कोणती सीट, इटारसीला चहा की जेवण, हे सगळं ठरवण्यासाठी बैठक भरली. त्यातच विभावरी सहज म्हणाली, "आई, तू पण चल ना माझ्यासोबत. महिनाभर. रूम लावून दे, मग ये."

"मी?" कुसुमबाई दचकल्या. "अन् यांचं?"

"बाबांचं काय? बाबा तर पास झाले ना."

नारायणरावांना हे एकदम पटलं. पोरीच्या जातीने इतक्या लांब एकटं जाऊ नये, अंबादासचं आता काहीच अडत नाही, डबा माझ्याकडून येईल. झालं. कुसुमबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अंबादासांनी जमिनीकडे पाहिलं. त्यांनी ज्या बंद दारामागे हा उद्योग केला होता, ते दार आता बाहेरून लागलं होतं. नको म्हणायला तोंड उघडावं तर सगळंच उघड व्हायचं. "जा," ते म्हणाले. "मले काय धाड भरली आहे?"

तरी कुसुमबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. जायच्या दिवशी त्यांनी नवऱ्याचे सगळे शर्ट काढले, वरची दोन बटणं सोडून बाकीची लावून ठेवली आणि कपाटात रचले. डोक्यातून घालायचे, डोक्यातून काढायचे, कोणाला कळणार नाही. हे त्यांनी नवऱ्याच्या कानात सांगितलं आणि स्टेशनकडे निघाल्या. संध्याकाळची गाडी. नारायणराव प्लॅटफॉर्मवर गार्डसारखे फिरत होते. गाडी हलली तेव्हा खिडकीतून विभावरी बापाकडे पाहत होती आणि कुसुमबाई नवऱ्याच्या शर्टाकडे.

सकाळी आंघोळ करून अंबादासांनी कपाट उघडलं. सगळे शर्ट इस्त्री करून नीट रचलेले होते. आणि सगळ्यांची सगळी बटणं सोडलेली होती, वरपासून खालपर्यंत.

ते खाली बसले. सगळ्यात वर आकाशी शर्ट होता. त्यांनी तो डाव्या हाताने मांडीवर ओढला. चौथ्या काजाच्या दोन्ही टोकांना तुटलेल्या दोऱ्याचे बारके तुकडे अजून अडकलेले होते. टेस्टच्या दिवशी त्यांनी ते पाहिले नव्हते. तेव्हा दाराकडे लक्ष होतं. आता त्यांनी त्यातला एक तुकडा बोटाने चाचपला. शर्टाची सगळी शिवण बारीक निळ्या दोऱ्याची होती आणि हा दोरा जाड आणि पांढरा होता. विभावरी पेशंटच्या हाताचे पट्टे शिवायची, त्या रिळाचा. बड्या फुहाऱ्याच्या टेलरने उगीचच शिव्या खाल्ल्या होत्या. एका हाताच्या माणसाला जे कधीच उसवता आलं नसतं, ते काज उसवून, बटण लावून अंबादास तोऱ्यात बाहेर आले होते आणि पोरीने त्याच्यावर बोट ठेवून विचारलं होतं, उजव्या हातानं? त्यांनी आयुष्यभर लोकांच्या ब्लँकवर पंच मारला. त्यांच्या ब्लँकवर तो आज सापडला.

फोन वाजला. गाडीचा खडखडाट ऐकू येत होता.

"बाबा, शर्ट घातला?"

"चौथ्या काजाले पंच मारला होता तू," अंबादास म्हणाले.

"हाव," विभावरी म्हणाली.

"मंग पास काहून केलं?"

"आईला केलं पास. तिची सफाई चांगली होती." मग तिचा आवाज बदलला. "बाबा, तुम्ही मला पाठवायसाठी इतकं खोटं केलं, तर मी काय नागपूरला जाऊन शनिवारी-शनिवारी तुमच्यासमोर बसू? मला नसतं जमलं. पण सरांना मी इंटरव्ह्यूच्या दिवशीच खरं सांगितलं. म्हटलं, सर, माझ्या पेशंटचा हात बरा झाला नाही. दार बंद करून त्याची वाइफ बटणं लावते, तो खोटं बोलतो, आणि मी त्याची मुलगी आहे म्हणून मला काही करता येत नाही. ते मला शिकायचं आहे."

"अन् ते?"

"म्हणाले, सकाळपासून सगळे बरे झालेले पेशंट घेऊन येत आहेत. तुम्ही पहिल्या."

म्हणजे ज्या जागेसाठी त्यांनी तयार पीस दिला, ती जागा तयार पीस पकडणाऱ्याला मिळाली होती. अंबादासांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी थोडं थोडं दोन्ही केलं. हात फारसा सुधारणार नाही, हे विभावरीने लपवलं नाही. उशीर झाला आहे, म्हणाली. पण एखादं बटण होईल. कदाचित दोन. मागून कुसुमबाईंचा आवाज येत होता, की त्यांना म्हणाव नारायण भाऊजींना बोलवा बटणाले, आणि विभावरी तिला म्हणत होती, आई, तू खिडकीतून बाहेर बघ.

दुपारी नारायणराव डबा घेऊन आले तेव्हा अंबादास पडवीत उघड्या शर्टाने बसले होते. छाती घामाने भिजलेली, दात दाबून धरलेले. डाव्या हाताने काज ताणून धरलं होतं आणि उजव्या हाताची दोन बोटं बटणाच्या कडेला येऊन येऊन घसरत होती. सगळ्यात खालचं एक बटण तेवढं लागलं होतं, तेही अर्धं. नारायणरावांना धक्का बसला. अरे, तू तर पास झाला होता, असं म्हणत त्यांनी डबा ठेवला आणि बटण लावायला हात पुढे केला.

"हात नको लावू, दादा," अंबादास म्हणाले. "जॉब चालू आहे."

नारायणरावांनी हात मागे घेतला. अंबादासांनी मग त्यांना सगळं सांगितलं, मागच्या दारासकट. ऐकताना नारायणरावांचं तोंड गाडी चुकलेल्या माणसासारखं झालं. विहारातलं भाषण त्यांना आठवत असावं. शेवटी अंबादास म्हणाले, "एक काम कर. चंपाबाईले बोलाव. म्हणा, अंबादासचं दार उघडं आहे."

चंपाबाई लुगड्यात हात गुंडाळून आल्या. पायरीशी उभ्या राहिल्या आणि अंबादासांच्या त्या दोन बोटांकडे पाहू लागल्या. बोटं बटणापर्यंत गेली, घसरली. परत गेली, परत घसरली.

"म्हणजे तुमचंबी नाई होत?" त्यांनी विचारलं.

"नाई होत, बाई. तवाबी झालं नव्हतं. मी खोटं बोललो."

चंपाबाई रागावतील, म्हणून अंबादास मान खाली घालून थांबले. पण म्हातारीच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं, की तिच्या हाताला गुण आला असता तरी इतकं पसरलं नसतं. तिने डाव्या हाताने खुर्ची ओढली, त्यांच्या समोर ठेवली आणि पुढचं बटण पाहायला बसली.